गेरूची फुली

आमचे घरमालक अप्पा कुठल्याही इमारतीत शिरण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारत. बँक असो, पोस्ट असो, लग्नाचं कार्यालय असो. आत मंगलाष्टकं चाललेली, त्यांच्या घरच्या, आमच्या काकू, आहेराची पिशवी घेऊन दारात ताटकळलेल्या, आणि अप्पा मागच्या बोळात भिंतीला कान लावून उभे. परक्या माणसाला वाटे, म्हातारा प्रदक्षिणा घालतो आहे. फेरी पुरी झाली की ते काकूंना म्हणत, "चल. मधल्या तुळईखाली बसू नको, कडंला बस."

ते सरकारी ओव्हरसीयर होते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यांना तिकडे दुरुस्तीच्या कामावर पाठवलं होतं. तिथून परत आले ते छपराखाली झोपेनात. अंगणात कडुलिंबाखाली त्यांची बाज असे, बारा महिने. पावसाळ्यात चार बांबूंवर एक पत्रा टाकत. पत्रा का, तर तो अंगावर पडला तरी माणूस मरत नाही. काकू आत स्लॅबच्या खोलीत झोपत. "मी मेले तर हे मोकळे होतील," असं त्या हसत म्हणायच्या. अप्पा त्यावर कधी हसले नाहीत.

मी लग्न होऊन मोहोळकडच्या खेड्यातून सोलापुरात त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आले. हे गिरणीत होते. अप्पांची भाडेकरूंना एकच अट होती, डोक्याच्या वर काही ठेवायचं नाही. सगळे डबे जमिनीवर, देव गुडघ्याएवढ्या कोनाड्यात. उंदरांची चंगळ होई. कंटाळून यांनी एकदा स्वयंपाकघरात फळी ठोकली. दुसऱ्या दिवशी अप्पा दारात उभे.

"फळी कुणी ठोकली?"

"यांनी," मी पदर पुढे ओढून म्हणाले.

"त्याला म्हणावं, डबा पायावर पडला तर शिव्या देशील. डोक्यावर पडला तर शिव्या द्यायला कोण हाय?"

त्यांनी स्वतःच्या हातांनी खिळे काढले. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचे हात दिसले. ते थरथरत होते. हातोडी धरली की थरथर थांबे, सोडली की परत सुरू होई.

त्या हातांमुळेच मी त्यांच्या कामात ओढली गेले. आईला लिहिलेलं कार्ड मी उंबऱ्यावर वाळत ठेवलं होतं, शाई फुटू नये म्हणून. अप्पांनी ते उचललं. वाचलं नाही, नुसतं लांब धरून बघितलं.

"ह्ये अक्षर कुणाचं?"

"माझं."

"किती शिकलीस?"

"चौथी."

"मग पुढं शिकलेल्यांनी काय शिकलं कुणास ठाऊक. मला आमच्या साहेबाचं अक्षर कधी लागलं न्हाय." मग म्हणाले, "तंगी, माझी वही लिहिशील का? मला माझंच लिहिलेलं वाचता येईना झालंय." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्यांच्या घरी कानडी बोलत.

माझ्या अक्षराचं त्याआधी कुणी कौतुक केलं नव्हतं. मी यांना विचारलं. हे म्हणाले, "जा. पण चार पावलं मागं राहा. लोक त्याला येडा म्हणतात." काकू म्हणाल्या, "जा बाई, म्हणजे हे एकटे कुठं पडायचे नाहीत."

असं आमचं फिरणं सुरू झालं. पुढे अप्पा, हातात भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा आणि पितळी वाटी. चार पावलं मागं मी, पदरात वही. उंच पाण्याच्या टाक्या, रेल्वेचा पूल, विजेचं केंद्र, टेलिफोनची कचेरी, दवाखाने. लोकांच्या घरांकडे ते बघतसुद्धा नसत. मी एकदा धीर करून विचारलं, घरं का नाही बघत?

"घर पडलं तर घरातली माणसं जातील," ते म्हणाले. "वाईटच. पर शेजारचे येऊन काढतील, दवाखान्यात नेतील. दवाखानाच पडला असला तर? पाण्याचा पाइप फुटला असला तर? कोयनेला मी माणसं बघितली, ढिगाऱ्यातून जित्ती निघालेली. त्यास्नी पाजायला पाणी नव्हतं." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "आपल्या पेठेत माग बघ की. एक धागा तुटला तर कारागीर सगळा माग थांबवतो का न्हाय? तसं हाय. वीज गेली की पंप थांबला. पंप थांबला की टाकी रिकामी. टाकी रिकामी की दवाखाना बंद."

पुलावर ते पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवत आणि गाडी जाईपर्यंत पाणी सांडतं का ते टक लावून बघत. खांबावर बोटाच्या पेराने टकटक करत. "टणटण वाजलं तर बरं. बद्द वाजलं तर आत पोकळ." त्यांचे शेरे तीनच होते. पास, नापास आणि देवाची कृपा. बहुतेक ठिकाणी मला 'देवाची कृपा' असंच लिहावं लागे. तळ्यातल्या देवळाला मात्र त्यांनी एकदम पास केलं. "ज्यानं बांधलं त्याला शिमिट ठाऊक नव्हतं, म्हणून वाचलं."

मी खेड्यातून आले तेव्हा सोलापूर मला केवढं भक्कम वाटलं होतं. अप्पांबरोबर दोन महिने फिरले आणि मला ते उभं दिसेना. टाकीखालून जाताना पाय आपोआप भरभर पडत. रात्री आढ्याकडे बघत पडून राही. हे विचारत, काय झालं? मी सांगत नसे.

अप्पा कचेऱ्यांना पत्रं लिहीत, म्हणजे मी लिही, ते सही करत. उत्तर येत नसे. एकदा आम्ही स्वतः गेलो. टेबलावरचा कारकून चहा बशीत ओतत म्हणाला, "अप्पा, सोलापुरात भूकंप होत नसतो."

"कोयनेतबी होत नव्हता," अप्पा म्हणाले.

कारकून हसला. अप्पा खुर्चीतून उठले आणि जाताना त्याच्या डोक्यावरचं फायलींचं कपाट बघून त्याला म्हणाले, "लेकरा, खुर्ची तिकडं सरकव." तो सरकवतो का ते बघायला आम्ही थांबलो नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुसऱ्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना. टँकर आला की पेठेत बायकांच्या झिंज्या उपटल्या जात. आमच्या मागच्या गल्लीत बाळंतपणाचा एक छोटा दवाखाना होता. एक कमिटी तो चालवायची. पेठेतल्या विणकरांच्या बायका सगळ्या तिथंच बाळंत होत. पाणी साठवायला हवं म्हणून कमिटीने छपरावर एक मोठी टाकी बांधली. जुन्या स्लॅबवर विटांचे चार खांब आणि त्यावर टाकी.

अप्पांनी त्या दवाखान्याला तीन फेऱ्या मारल्या. मग शिडीने वर गेले. खाली आले तेव्हा त्यांचे हात इतके थरथरत होते की ओळंबा गुंडाळता येईना.

"लिही," ते म्हणाले. "टाकी, नापास. खाली काय हाय ते बघून ये."

मी आत गेले. टाकीच्या बरोबर खाली बाळंतपणाची खोली होती. छताला एक ओली चीर, तिच्याखाली ठिबकणारं पाणी धरायला बादली. खाटेवर एक बाई कळा देत होती. मी बाहेर येऊन लिहिलं, 'खाली बाळंतिणी'.

कमिटीला तीन पत्रं गेली. चौथ्या वेळी अप्पा म्हणाले, "वहीतलं कुणी वाचत न्हाय. भिंतीवरचं वाचतील." त्यांनी गेरू कालवला आणि वाटी माझ्या हातात दिली. "माझा हात हलतो. तू काढ. मोठी काढ."

भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना मी दवाखान्याच्या भिंतीवर फुली काढली. चांगली हातभर. मला वाटलं होतं कमिटीचे लोक ती बघून लाजतील. अप्पांनाही तसंच वाटलं होतं. दोघांच्याही हे ध्यानात आलं नाही की पेठेत भिंतीवर खूण कोण करून जातं ते. मलेरियाच्या फवारणीवाले खूण करून जात. देवी टोचणारे करून जात. भिंतीवर खूण म्हणजे सरकार येऊन बघून गेलं, त्यात काही शंका नाही.

चार दिवसांत पेठेत बोललं जाऊ लागलं की सरकारने दवाखान्याला फुली मारली, टाकी पडणार आहे. आठवड्याने बायका तिथं जायच्या बंद झाल्या. सुईणीला परत बोलावणी येऊ लागली. मी घाबरून अप्पांना सांगितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते बाजेवर उठून बसले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला होता.

"लोकांना कळायला लागलं की," ते म्हणाले.

मी घरी येऊन चूल पेटवली. बोलायला हवं होतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून नरसम्मा राहायची. घरात दोन माग. तेलुगू माणसं, पण आमच्याशी मराठीत बोलायची. तिची सून पद्मा, पहिलटकरीण. तिला आदल्या दिवशी संध्याकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या. सकाळी दोन्ही माग बंद झाले तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलंय. सुईण बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, "बाळ आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाय. दवाखान्यात न्या."

नरसम्मा दारात बसून राहिली. "नाई वं. तिथं फुली हाय. टाकी पडली तर दोगं जातील."

"आणि हितं?" सुईण म्हणाली.

"हितं निदान डोळ्यासमोर."

आतून पद्मा ओरडली, "मला तिकडं नेऊ नका." तिचं ते ओरडणं मला अजून ऐकू येतं. मी तिच्या उशाशी बसले होते. माझा हात तिने धरला होता, फुली काढलेला हात.

मी धावत जाऊन अप्पांना बोलावलं. ते आले. आणि खोटं सांगत नाही, आत येण्याआधी त्यांनी नरसम्माच्या घराला एक फेरी मारली. मी दारात उभी राहून बघत होते. 

नरसम्मा उठून त्यांच्यासमोर गेली. "अप्पा, तुमी सरकारी माणूस, सगळे म्हणतात ती फुली तुमची. तुमी एकदा सांगा, टाकी पडत नाई म्हणून. आत्ता नेते बगा."

एवढंच हवं होतं. पडत नाही, दोन शब्द. गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली होती. मी पदराआडून त्यांच्याकडे बघत होते. म्हणा अप्पा, खोटं म्हणा. भूकंप काय आज दुपारी येणार आहे?   आतून पद्माचा आवाज येत होता आणि हा माणूस उभा होता.

"भरलेली असली तर मी तसं सांगू शकत न्हाय," ते शेवटी म्हणाले, आणि वळून चालायला लागले.

कुणीतरी म्हणालं, "गेला बघ म्हातारा." मीही तेच समजले आणि परत पद्माच्या उशाशी जाऊन बसले.

थोड्या वेळाने दवाखान्याच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. अप्पांनी शिडीवरून छपरावर जाऊन टाकीची गाळ काढायची चावी उघडली होती. पूर्ण. छपराच्या पन्हळीतून पाणी गल्लीत कोसळत होतं. त्या उन्हाळ्यात. जिथं घागरीसाठी डोकी फुटत होती तिथं गटारातून स्वच्छ पाणी वाहत चाललं होतं. माणसं क्षणभर नुसती बघत राहिली. मग घागरी, पातेली, बालद्या, हाताला लागेल ते घेऊन सगळी पेठ धावली. मीही धावले. पद्माचा हात सोडून धावले. दोन घागरी भरल्या, घरी नेऊन दाराआड ठेवल्या, वर ताटली झाकली. हे चार दिवस आंघोळीवाचून होते.

अप्पा परत आले, धोतर भिजलेलं. "आता हलकी हाय. आता पडायची न्हाय. मी तिच्याखाली बसतो, चल." नरसम्माने त्यांच्या भिजलेल्या धोतराकडे बघितलं आणि उठली. चौघांनी पद्माला बाजेवर घालून नेलं. अप्पा पुढे, मी मागं. फेरी न मारता ते दवाखान्यात शिरले. तेवढी एकच इमारत.

आत डॉक्टरीणबाई नळाखाली हात धरून उभ्या होत्या. नळ सुकला होता.

"अप्पा, टाकी रिकामी केलीत," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "आता मी हात कशाने धुऊ?"

मी अप्पांचं तोंड बघितलं. इतकी वर्षं ते ज्याला भीत होते, ज्यासाठी शहरभर ओळंबा घेऊन फिरले, तेच त्यांनी स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं. दवाखाना उभा होता आणि त्यात पाणी नव्हतं. हे त्यांना कळलेलं मला दिसलं. ते नुसते "हां," म्हणाले. कोपऱ्यातली रिकामी बादली उचलून बाहेर पडले.

ते दारोदार गेले. "थोडं पाणी द्या. दवाखान्यात पाहिजे." त्या माणसाने जन्मात कुणाकडे चहा मागितला नव्हता. काहींनी दिलं. एक बाई म्हणाली, "सोडलं तुमीच, आता मागता बी तुमीच?" एकीने दार लावून घेतलं. ते आमच्या घराच्या बाजूला वळताना दिसले तशी मी दवाखान्यातून मागच्या बोळाने घरी पळाले. का पळाले? घागरी बघायला.

अप्पा माझ्या दाराशी आले. "तंगी, पाणी हाय का गं?"

"न्हाई अप्पा. मला मिळालंच न्हाई," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला आजही कळत नाही. ते "बरं," म्हणाले आणि पुढच्या दाराला गेले. मी दाराला टेकून उभी राहिले.  मग एक घागर डोक्यावर, एक कमरेवर घेऊन मागच्या बोळाने निघाले. दवाखान्यात पोचले तेव्हा आत सगळं शांत होतं.

माझं पाणी पद्माला धुवायला वापरलं. ती जगली. मुलगा होता. तो आधीच गेलेला होता. डॉक्टरीणबाई नरसम्माला म्हणाल्या, "सकाळी आणली असती तर." एवढं बोलून गप्प झाल्या, कारण अप्पा भिंतीशी बसले होते, बरोबर त्या चिरेखाली. सांगितल्याप्रमाणे.

नरसम्मा रडली नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. "अप्पा, एवडं तरी सांगा. फुली खरी होती का खोटी?"

"खरी," अप्पा म्हणाले. "खरीच हाय, नरसम्मा."

तिने मान हलवली. ते ऐकून तिला बरं वाटलं की आणखी वाईट, मला सांगता येणार नाही. खोटी आहे असं ते म्हणाले असते तर मी त्यांचा तिरस्कार करू शकले असते.

आठ दिवसांनी कमिटीचे दोघे आणि एक हवालदार अंगणात आले. पाणी कुणी सोडलं ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांना फुली कुणी काढली ते हवं होतं. मी खिडकीच्या आत उभी होते.

"मी," अप्पा म्हणाले.

"तुमचे हात बघा की अप्पा," हवालदार म्हणाला. "एवढी सरळ रेघ तुम्हाला येते?"

"त्या दिवशी आली."

त्यांना चौकीवर नेलं, दिवसभर बसवून सोडलं. मी खिडकीतून बाहेर आले नाही. काकू एकट्याच चौकीपर्यंत गेल्या. पुढे कमिटीने ती टाकी पाडली आणि खाली जमिनीवर हौद बांधला. फुलीवर चुना मारला. बायका परत जायला लागल्या. पुढल्या साली पद्मा तिथंच बाळंत झाली, मुलगी झाली. कुणी म्हणालं नाही की अप्पांचं खरं होतं.

त्यानंतर अप्पांनी मला बरोबर नेलं नाही. मी वही मागायला गेले तर ते बाजेवर बसून लिहीत होते. एक नवी वही, आणि शेजारी माझी. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलेलं, एकेक अक्षर काढत होते. पहिल्या पानापासून सगळं. पूल, टाक्या, पास, नापास, देवाची कृपा. वाकडीतिकडी अक्षरं, मला मुळीच वाचता आली नाहीत.

"अप्पा, मी लिहिते की."

"नगं. परत कुणी विचारायला आलं तर ह्यात तुझं अक्षर असू नये."

तीन महिने ते लिहीत होते. संपल्यावर माझी वही त्यांनी काकूंच्या चुलीत घातली. मी तिथंच काकूंना पोळ्या लाटून देत होते. मला तो धक्का पद्माचं मूल गेलं त्याएवढाच बसला, असं म्हणायची मला लाज वाटते, पण बसला. माझ्या हातून झालेलं मी कुणाला सांगितलं नाही. यांना नाही, नरसम्माला नाही. तिच्या नातीच्या बारशाला मी पाळणा म्हटला तेव्हाही नाही.

अप्पा वारले, नरसम्मा गेली. अप्पांच्या वहीत माझं एकही अक्षर नाही, तेव्हा हे मलाच लिहायला हवं. फुली मी काढली. दोन घागरी माझ्या दाराआड होत्या आणि मी नाही म्हटलं.